उभ्या गाडीचे सोहळे

महाराष्ट्रात जोरात जाण्यासाठी म्हणून जे जे रस्ते बांधले गेले, त्या सगळ्यांच्या तोंडाशी एक गोल पाटी असते. पाटीवर मोटरसायकलचं चित्र आणि चित्रावर तिरकी लाल रेघ. २००२चा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे घ्या, २००९चा वांद्रे-वरळी सागरी सेतू घ्या, २०२४चा अटल सेतू घ्या, नाहीतर २०२५मध्ये शेवटचा तुकडा जोडून पुरा झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग घ्या. दुचाकीला सगळीकडे मज्जाव. आरसा सुतळीनं बांधलेला टेम्पो तिथून जातो. उजव्या लेनमध्ये ठाण मांडून, आत अंताक्षरी खेळत निघालेली सात सीटर जाते. दोन चाकांवरचा माणूस मात्र फाट्यावर थांबून पाटी वाचतो आणि जुन्या रस्त्याला लागतो.

आणि याच महाराष्ट्रात काही माणसं, घरात चार शहाणी माणसं असताना, हप्ते बांधून स्पोर्ट टूरर विकत घेतात. मी त्यांतलाच एक. माझी गाडी हजार सीसीच्या वरची, चार सिलिंडरची, टाकी भरल्यावर दोनशे पस्तीस किलोच्या आसपास भरणारी. शून्यापासून शंभरचा वेग ती साडेतीन सेकंदांच्या आत-बाहेर गाठते, असं म्हणतात. 'म्हणतात' एवढ्यासाठी, की साडेतीन सेकंद सलग मोकळा रस्ता पुण्यात मिळाला तर ताळा करून बघता येईल.

ही जात मुळात जर्मनीच्या हवेतली. १९७६ साली बीएमडब्ल्यूनं आर १०० आरएस बाजारात आणली. ९८० सीसीचं इंजिन, ७० हॉर्सपॉवर आणि पुढे भलंथोरलं फेअरिंग. हे फेअरिंग इटलीत पिनिनफारिनाच्या विंड टनेलमध्ये तपासून घडवलं होतं, कारण ऑटोबानवर तासन् तास भरधाव जाणाऱ्या माणसाच्या छातीवर वारा बसू नये. ज्याला शर्यतीच्या गाडीची घाईही हवी आणि मुक्कामाला पोचल्यावर पाठही शाबूत हवी, त्याची ही सोय. कल्पना उत्तम. ऑटोबानच्या बऱ्याच भागावर आजही वेगाला मर्यादा नाही. आमच्याकडे वेगाला आवर घालायला कुणी नियमाची वाट पाहत नाही. सासवड रस्त्याला उसाची ट्रॉली पुढे आली की वारा आपोआप अडतो आणि वेगही आपोआप उतरतो. पिनिनफारिनाचं काम आमच्याकडे ट्रॉली करते, तेही फुकट.

आपल्याकडच्या एका पिढीला या प्रकाराची चटक लावली ती २००३च्या हिरो होंडा करिझ्मानं. २२३ सीसी, अर्धं फेअरिंग आणि जाहिरातीत हृतिक रोशन. तेव्हा पीएमटीच्या पासावर फिरत करिझ्माची स्वप्नं पाहणारी पोरं आता चाळिशीपल्याड पोचली आहेत. गुडघेदुखी आणि कर्जाची पात्रता या दोन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात एकदमच आल्या. शोरूममधला सेल्समन असं गिऱ्हाईक दारातूनच ओळखतो. तो माणूस गाडीकडे बघत असतो आणि त्याची बायको त्याच्याकडे बघत असते.

माझ्या गाडीला सहा गिअर आहेत. पैकी पहिल्यातच ती शंभरी ओलांडते. केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे चारपदरी महामार्गावर मोटरसायकलला ताशी ८० किलोमीटरची मुभा आहे, शहरातल्या रस्त्यांवर ६०ची. म्हणजे अगदी कायद्यानं चालायचं म्हटलं तर दुसरा गिअर टाकायचं कारणच पडत नाही. उरलेले पाच गिअर वडिलोपार्जित जमिनीसारखे आहेत. सातबाऱ्यावर नाव माझं, वहिवाट कुणाचीच नाही. तरी मी ऐंशीला सहावा टाकतो. टाकला की इंजिन इतकं शांत होतं, की आपण काही चुकीचं बोललो का, असं वाटावं.

शिवाय गाडीत रेन, रोड आणि स्पोर्ट असे तीन मोड आहेत. ट्रॅक्शन कंट्रोल आहे, तो वाळूवर मागचं चाक सुटू देत नाही. एबीएस आहे, तो ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही. जपानी इंजिनिअरांनी एवढा सगळा विचार केला. पण पुढची स्कूटर उजवा इंडिकेटर दाखवून, डावा पाय खाली सोडून, शेवटी सरळच जाते, या प्रसंगासाठी मोड दिलेला नाही. लाल एसटीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, त्यामागून एक डोकं बाहेर आलं, की पुढे काय होणार हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. सहा अक्षांचा सेन्सर तेवढा गाफील राहतो.

एक्स्प्रेसवे बंद असल्यामुळे मुंबईला जायचं तर आम्ही जुन्या रस्त्यानं. लोणावळा, खंडाळा, मग बोरघाट उतरताना शिंग्रोबाचं देऊळ. या धनगरानं इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून जीव गमावला, अशी कथा सांगतात. ट्रकवाले देवळापाशी नाणं टाकून पुढे जातात, आम्हीही टाकतो. जगात रस्ता विचारणाऱ्याला नेव्हिगेशनचं मासिक वर्गणीचं बिल येतं, इथे रुपयात भागतं. एक्स्प्रेसवेनं सुसाट जाणाऱ्या मोटारवाल्यांना शिंग्रोबा भेटत नाही, तेव्हा देवाच्या दरबारी आमचा वशिला त्यांच्यापेक्षा नक्कीच जास्त आहे. गरजही आम्हालाच जास्त.

आता गतिरोधक. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर पाठीचा असावा. आमच्या गल्लीतला गतिरोधक गणेशोत्सवातल्या उरलेल्या सिमेंटमधून एका रात्रीत उभा राहिला. तो हातभर रुंद आहे आणि उंचीला माझ्या गाडीच्या पोटापेक्षा बोटभर सरस. गाडीचं पोट जमिनीपासून तेरा-साडेतेरा सेंटिमीटरवर. त्यामुळे मी तो गतिरोधक तिरका ओलांडतो, आधी पुढचं चाक डावीकडून, मग मागचं उजवीकडून. हे करताना मी पूर्ण रस्ता अडवतो. मागून येणाऱ्या आजी स्कूटरवरून हॉर्न मारतात, ओलांडून पुढे जातात आणि जाताना म्हणतात, "एवढी मोठी घेतली तर चालवायला शिकायची होती." आजी तो गतिरोधक चाळीसनं ओलांडतात. त्यांच्या स्कूटरला कसलाच मोड नाही.

सिग्नलला उभं राहिलं की मुलाखत सुरू होते. कॉलेजातली मुलं 'टॉप किती?' विचारतात. त्यांना आकडा सांगायचा, ती खूश होतात आणि हिरवा लागताच आपल्याला मागे टाकून निघून जातात, कारण दोनशे पस्तीस किलोचं धूड जागचं हलायच्या आत त्यांची मोपेड चौक पार करते. मध्यमवयीन गृहस्थ 'केवढ्याला पडली?' विचारतात. त्यांना खरा आकडा सांगू नये. सांगितला तर ते मान हलवतात आणि त्या पैशात कुठे, किती गुंठे आले असते ते सांगतात. आणि ज्येष्ठ नागरिक थेट मुळावर येतात: "ॲव्हरेज किती देते?"

सोळा-सतरा, असं मी खरं सांगतो. मग शांतता पसरते. काका डोळे मिटून हिशेब करतात. "म्हणजे सदाशिव पेठेतून कोथरूडला जाऊन यायला अर्धा लिटर. पन्नास रुपये." डोळे उघडतात. "आणि भाजी वेगळी." यावर उत्तर नाही. माझ्या ओळखीचा एक जण या प्रश्नाला 'पंचेचाळीस' असं ठोकून देतो. त्याचं म्हणणं, आपल्या खोटं बोलण्यानं एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं ब्लडप्रेशर ताब्यात राहत असेल तर ते पुण्यच आहे.

सरकारचंही आमच्याविषयी ठरलेलं मत आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्क्यांच्या रांगेत बसवलं. त्या रांगेत आणखी कोण कोण आहे ते मी हौसेनं वाचलं. खासगी विमान, यॉट, पिस्तूल, कॅसिनो आणि साखर घातलेला सोडा. कुठल्याही हिंदी सिनेमातला खलनायक एवढ्या सामानावर तीन तास आरामात काढेल. मी मात्र त्या यादीत बसून ऑफिसला डबा घेऊन जातो.

पेट्रोल पंपावर वेगळा अनुभव. टाकी १९ लिटरची. आताचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे भरलेल्या टाकीत चारेक लिटर इथेनॉलच. त्यातलं काही उसातून येतं. रस्त्यात पुढे उसाची ट्रॉली आणि टाकीतही ऊस. पश्चिम महाराष्ट्रात राहून यापेक्षा सहकार तो आणखी काय करायचा? मग हवा. मागच्या चाकात बेचाळीस पौंड भर, असं सांगितलं की हवा भरणारा पोरगा हात थांबवतो. "बेचाळीस? ट्रॅक्टर हाय का?" तो स्वतःच्या जबाबदारीवर तीस भरतो. आपण पुन्हा सांगतो. तो चौतिसावर येतो. शेवटी अडतिसावर सौदा पटतो. उरलेले चार पौंड आपण घरी येऊन सायकलच्या पंपानं, घाम गाळत भरायचे.

उन्हाळ्यात एक वेगळीच मजा असते. चार सिलिंडरचं इंजिन दोन मांड्यांच्या मध्ये. स्वारगेटच्या सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलं की कूलंटचं तापमान शंभरीकडे सरकतं आणि रेडिएटरचा पंखा सुरू होतो. तो आतली सगळी उष्णता गोळा करून अत्यंत प्रामाणिकपणे माझ्या पोटऱ्यांवर आणून सोडतो. पंख्याचा आवाज ऐकून शेजारचा रिक्षावाला मान बाहेर काढतो, "साहेब, काहीतरी पेटलंय." त्यात अंगावर जॅकेट, गुडघ्यांना गार्ड, हातात मोजे, पायात घोट्यापर्यंत बूट आणि डोक्याला पूर्ण बंद हेल्मेट. हेल्मेटसक्ती झाली की तिच्याविरोधात कृती समिती उभी करणारं हे शहर. इथे मे महिन्यात असा पोशाख करून फिरणाऱ्याकडे लोक फार आपुलकीनं बघतात. एकदा मंडईत एका भाजीवाल्या मावशींनी मला, "बाळा, काय झालंय रे तुला?" असं विचारलं होतं.

नो पार्किंगवाल्यांच्या बाबतीत मात्र आम्हाला थोडं सुख आहे. गाड्या उचलणारी पोरं येतात, डावीकडची स्कूटर उचलतात, उजवीकडची उचलतात आणि मधल्या धुडाकडे बघून एकमेकांकडे बघतात. एक जण वाकतो. दुसरा त्याला म्हणतो, "सोड, उद्या सुट्टी पायजे तुला." माणसाला आयुष्यात कधीतरी एखाद्या गोष्टीची खरी वसुली होते, ती अशी.

हे झालं चालवण्याचं. पण स्पोर्ट टूररचा खरा प्रपंच ती उभी असताना चालतो. इंजिन अधूनमधून चालतं, देखभाल अहोरात्र.

सुरुवात चेनपासून. पाचशे ते हजार किलोमीटरला ती पुसून तिला तेल द्यायचं असतं. एवढं साधं काम. पण त्यात तीन संप्रदाय आहेत. एक नव्वद नंबरच्या गिअर ऑइलचा, एक स्प्रेच्या डब्याचा आणि एक मेणाच्या लेपाचा. गिअर ऑइलवाला म्हणतो, तेल आत मुरतं. मेणवाला म्हणतो, धूळ चिकटत नाही. स्प्रेवाला काही म्हणत नाही, त्याचं मागचं चाक आणि पँट दोन्ही काळे झालेले असतात. या तिघांची सोयरीक होत नाही. चेनमध्ये कड्या-कड्यांना रबरी ओ-रिंग असतात. त्या पेट्रोलनं खराब होतात, म्हणून धुवायला रॉकेल लागतं. रॉकेल आता शहरात औषधालाही मिळत नाही. पूर्वी रेशनच्या दुकानाबाहेर रांगेत डबा धरून उभा राहिलेला माझ्यासारखा माणूस आज पाव लिटर रॉकेलसाठी तीन ठिकाणी फोन करतो आणि मिळालं की कुणाला सांगत नाही.

चेन पुसायला चाक अधांतरी हवं, म्हणून पॅडॉक स्टँड. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवून चेन पुसणारे काही शूर वीर असतात; त्यांनी त्यांची बोटं मोजून ठेवावीत. चाक हातानंच फिरवायचं. मी पार्किंगमध्ये खाली बसून जुन्या टूथब्रशनं एकेक कडी घासत असतो तेव्हा येणारे-जाणारे थांबतात. एका शेजाऱ्यांनी बायकोला विचारलं, "यांना घरात भांडी घासायला जमतं का हो?" बायको म्हणाली, "ब्रश माझा आहे. एवढंच योगदान."

मग ताण बघायचा. चेन मध्यभागी वरखाली अडीच ते साडेतीन सेंटिमीटर हलली पाहिजे. कमी हलली तर बेअरिंगवर ताण, जास्त हलली तर स्प्रॉकेटचे दात झिजणार. मुलाची कंपासपेटीतली पट्टी लावून मी हे मोजतो. पट्टी परत जाते तेव्हा तिच्यावर काळे ठसे असतात आणि भूमितीच्या वहीतही ते उमटतात. शिक्षकांना वाटतं, पोरगा मेहनती आहे.

टायरचं गणित त्याहून न्यारं. स्पोर्ट टूरिंग टायर दोन रबरांचे बनवतात. मधला पट्टा टणक, म्हणजे लांबच्या सरळ रस्त्यावर लवकर झिजू नये. कडा मऊ, म्हणजे वळणावर गाडी झुकवली की पकड मिळावी. पुण्याच्या रस्त्यात सरळच जायचं, तेही हळू. त्यामुळे मधला टणक पट्टा झिजून सपाट होतो आणि कडेचं मऊ, महागडं रबर कारखान्यातून आलं तसं कोवळं राहतं. बदलायची वेळ येते तेव्हा टायर मधून म्हातारा आणि कडांनी तान्हा असतो. दोन टायरांच्या किमतीत एक बरी जुनी स्कूटर येते, आणि ती घेतली तर गल्लीतला तो गतिरोधक मला कायमचा विसरता येईल.

एअर फिल्टर पाहायचा तर टाकी उचलावी लागते. टाकी उचलायची तर आधी बाजूचं प्लॅस्टिक काढायचं, ते काढायचं तर आधी सीट, आणि सीट काढायची तर चावी, जी टाकीच्या झाकणाला लावलेली असते. प्रत्येक टप्प्याला वेगळ्या मापाची ॲलन की. उघडताना सगळं ओळीनं वर्तमानपत्रावर मांडायचं. जोडून झाल्यावर एक स्क्रू हमखास उरतो. माझ्या एका मित्रानं अशा उरलेल्या स्क्रूंची बरणी ठेवली आहे. तो म्हणतो, गाडी दर वर्षी हलकी होत चालली आहे, परफॉर्मन्स वाढला पाहिजे.

धुण्याचा कार्यक्रम रविवारी, सोसायटीच्या पाण्याची वेळ साधून. दोन बादल्या, दोन स्पंज, चार मायक्रोफायबर फडकी. प्रेशरनं पाणी मारायचं नाही, बेअरिंगमधलं ग्रीस जातं. शाम्पू गाडीचा वेगळा. माझं डोकं मी साबणानं धुतो. गाडी पुसून लख्ख झाली की वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांना पाणी घालायची वेळ होते. मग कव्हर. कव्हर घातलं की खाली मांजर. मांजराला माझ्या गाडीची सीट आवडते, कारण ती रुंद आहे, मऊ आहे आणि तिच्यावर बाकी कुणी बसत नाही. मागची सीट इतकी उंच आहे की बायको एकदाच चढली. खडकवासल्याला पोचल्यावर उतरली, म्हणाली, "दृश्य छान दिसतं. गच्चीतूनही दिसतं." परत रिक्षानं आली.

दसऱ्याला तर आमच्या दोघांची परीक्षाच असते. आई हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ आणि लिंबू घेऊन खाली येते. सिरॅमिक कोटिंग केलेल्या टाकीवर ती बोटानं ठसठशीत स्वस्तिक काढते. हळदीचा डाग कशानं जातो हे मी महिनाभर आधीपासून शोधून ठेवलेलं असतं. माळ हँडलला घातली की ती रेडिएटरवर लोंबते, आणि फेरी मारून आल्यावर झेंडूचा शिजल्याचा वास येतो. पुढच्या चाकाखाली लिंबू. स्कूटरखाली लिंबू चेपतं. दोनशे पस्तीस किलोखाली ते पिचकारी मारतं, ती नेमकी पूजा बघायला उभ्या असलेल्या काकांच्या धोतरावर. "केवढी ताकद आहे हो," काका म्हणतात, "आणि ॲव्हरेज काय म्हणालात?"

रविवारी पहाटे आमची टोळी निघते. उजाडायच्या आत निघायचं, कात्रजचा बोगदा ओलांडायचा, खंबाटकी चढायचा, सुरूर फाट्याला वळून वाईला मिसळ खायची आणि ऊन चढायच्या आत घरी. निघताना प्रत्येक जण ठरवतो, आज काहीतरी आयुष्याविषयी बोलायचं. टेबलावर मिसळ आली की पहिल्या घासाला कुणीतरी विचारतो, "तू कुठलं ऑइल टाकतोस?" पुढचा तास १०डब्ल्यू-४० या विषयावर जातो. सेमी सिंथेटिक की फुल सिंथेटिक? ब्रेक फ्लुइड हवेतली वाफ ओढून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावं की पावसाळा जास्त झाला तर आधीच? वाल्व्हचा गॅप पंचवीस हजार किलोमीटरला तपासतात. आमच्यापैकी त्या आकड्याला अजून कुणी पोचलेलं नाही, पण शिम कुठून मागवायच्या यावर भांडण होऊन चुकलं आहे. बाजूच्या टेबलावरचं कुटुंब सुरुवातीला कौतुकानं ऐकतं, मग हळूहळू खुर्च्या सरकवतं.

या सगळ्या सोहळ्याला एक मोठी मेख आहे, ती मला आमच्या मेकॅनिकनं दाखवली. गाडी एकाएकी सुरूच होईना. स्टार्टर दाबला की नुसती टिकटिक. मी फ्यूज पाहिले, वायरी पाहिल्या, उंदरानं काही कुरतडलं का तेही पाहिलं. त्यानं येऊन बॅटरीला मीटर लावला, मीटर तसाच पुढे धरला आणि म्हणाला, "साहेब, गाडीला काही झालेलं नाही. फक्त चालवत जा." मग ओट्यावर बसून त्यानं रोगांची यादी सांगितली. उभ्या गाडीची बॅटरी घड्याळ आणि अलार्म चालवून चालवून उतरते. जवळजवळच्या फेऱ्यांमध्ये ऑइल पुरतं तापत नाही, त्यातला ओलावा उडत नाही. टायर एकाच जागी टेकून टेकून चपटा पडतो. टाकीतलं इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं. "चालणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर म्हातारी होते," तो म्हणाला, "माणसाचंही तेच आहे, पण तुम्ही माणसाचं विचारलं नाहीत."

तेव्हापासून माझ्या देखभालीच्या वहीत कूलंट आणि ब्रेक पॅड यांच्या मध्ये एक नवा रकाना आहे: 'गाडी चालवणे.' हौस म्हणून नव्हे, मेंटेनन्स म्हणून. याचा घरात फार फायदा झाला. पूर्वी पहाटे हेल्मेट उचललं की 'कुठे?' असा प्रश्न येई आणि त्याला पटेलसं उत्तर नसे. आता मी तोंड वाकडं करून, अंगावर पडलेलं काम उरकायला निघालेल्या माणसाच्या आवाजात म्हणतो, "गाडीचं काम आहे." बायको उशीवरून म्हणते, "किती वेळ लागेल?"

ते सांगता येत नाही. चेनला तेल द्यायचं आहे, आणि ते चेन गरम असतानाच द्यायचं असतं, तरच आत मुरतं, याबद्दल तिन्ही संप्रदायांचं एकमत आहे. लोकांची चेन पंधरा-वीस किलोमीटरमध्ये गरम होत असेल. माझी वाईपर्यंत गेल्याशिवाय होत नाही, त्याला मी काय करणार?